इनाचा टॉर्किल

व्हिनहेवनच्या शाळेत मी शिकवायला लागले, तेव्हा मुलांची नावं मला इना मेअरने पाठ करून दिली. ती शाळेची स्वयंपाकीण. दुपारी मुलं रांगेत उभी राहिली की ती डाव हातात धरून माझ्या कानात पुटपुटायची, "कान बघा बाई, कान. बाहेर आलेले असले तर मेअर. डोक्याला चिकटलेले असले तर फिंडले. एक बाहेर नि एक चिकटलेला असला तर विचारू नका."

आमच्या गावात आडनावं दोनच. त्यामुळे प्रत्येक घराला एक टोपणनाव लागतं. राजा मेअर, बटाटा मेअर, काळू फिंडले. पोस्टमन पाकिटावर टोपणनाव नसलं तर पत्र परत नेतो. इनाचं घर शिट्टी मेअरांचं. तिचा कुणी खापरपणजोबा होडीवर शिट्टी वाजवायचा. होडीवर शिट्टी वाजवली की वादळ येतं असं कोळी मानतात, म्हणून त्याला कुणी होडीवर घेईना. त्याची होडी गेली, धंदा गेला, शिट्टी मात्र आडनावाला चिकटली.

इना उंच, रुंद खांद्यांची, आणि भलतीच काटेकोर. सूप सगळ्यांना सारखं वाढायची, पण ज्याचा बाप समुद्रावर असेल त्याच्या ताटलीत बटाट्याची एक फोड जास्त पडायची. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मलाही ते दुसऱ्या वर्षी कळलं.

तिचं खरं नाव टॉर्किलिना. टॉर्किल या पुरुषी नावाला शेपूट लावून केलेलं. हे नाव तिला मुळीच आवडत नसे. आमच्याकडे नावं आवडीने ठेवत नाहीत, ती नियमाने येतात. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, तिसऱ्या मुलीला खुद्द आईचं. इना तिसरी. आई टॉर्किलिना, म्हणून ही टॉर्किलिना. आईला ते तिच्या आजीकडून आलेलं. आणि त्या आजीला, म्हणजे इनाच्या पणजीला, कुठून आलं? इनाचा सगळा उद्योग या एका प्रश्नातून निघाला.

कारण आमच्या पूर्व किनाऱ्यावर टॉर्किल नावाचं माणूस औषधालाही नाही. ते नाव पश्चिमेच्या बेटांवरचं. त्यात ही पणजी जन्मली ती लग्न न झालेल्या आईच्या पोटी. आईचं नाव एल्सपेट मेअर, धक्क्यावर हेरिंग मासे कापणारी पोरगी. बाप कोण, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. पणजीच्या लग्नाच्या कागदावर बापाच्या नावाची जागा कोरी आहे. पण पोरीचं नाव टॉर्किलिना म्हटल्यावर बाप टॉर्किलच असणार, नाही का? लुईस बेटावरची माणसं तेव्हा हेरिंगच्या हंगामात मजुरीला आमच्याकडे येत. त्यातलाच एक असणार. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे, पण सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

आई गेल्यावर इनाने शोध सुरू केला. दर शनिवारी बसने शहरातल्या ग्रंथालयात जायची. तिथे जुन्या खानेसुमारीच्या फिल्मचं रीळ हाताने फिरवत पडद्यावर वाचायचं असतं. समुद्रात चार पिढ्या काढलेल्या घरातल्या या बाईला ते रीळ फिरताना बघून मळमळायचं. आल्याच्या वड्या चघळत ती वाचायची. जुनं अक्षर लागलं नाही की मला घेऊन जायची.

"बाई, हा 'एस' आहे की 'एफ'?"

"एस."

"मग हा माणूस शेतकरी नाही?"

"नाही. चांभार आहे."

"बरं झालं. शेतकरी असता तर आमच्यातला नसता."

आमच्या चर्चची बाप्तिस्म्याची त्या वर्षांची वही ओल लागून केव्हाच कुजून गेली होती, त्यामुळे ती वाट बंदच. मग इनाने लुईस बेटाची खानेसुमारी घरागणिक चाळली. आणि एका शनिवारी ती ग्रंथालयात एवढ्या मोठ्याने ओरडली की तिथल्या बाईंनी तिला चहा देऊन बाहेर बसवलं. टॉल्सबोस्ट नावाच्या वाडीवर मॅल्कम मॅकॉलेच्या घरात टॉर्किल नावाचा मुलगा होता, वय एकोणीस. दहा वर्षांनंतरच्या खानेसुमारीत आईबाप होते, भाऊ होते, टॉर्किल नव्हता. मेल्याची नोंद नाही, लग्नाची नाही. गडप.

"कुठे गेला सांगू?" इना म्हणाली. "आमच्याकडे आला."

तिने टॉल्सबोस्टला चौकशी केली. त्या घरातला मर्डो मॅकॉले नावाचा म्हातारा आपल्या बहिणीबरोबर अजून तिथेच राहत होता. टॉर्किलबद्दल घरात एकच वाक्य चालत आलेलं होतं: तो पूर्वेकडे गेला आणि बुडाला. झालं! सगळं जुळलं. आला, एल्सपेटवर जीव जडला, लग्नाआधीच बुडाला. पोरीला मेलेल्या बापाचं नाव. मी स्वतः शिक्षिका, पुरावा मागायची सवय असलेली, पण मलाही ते पटलं.

तेव्हापासून दर जुलैत इना उल्लापूल बंदरातून बोट पकडून लुईसला जायची, लोण्याचे खारट बटरी पाव डबाभर घेऊन. मर्डोबरोबर पीटच्या, म्हणजे जळणासाठी कापलेल्या दलदलीच्या मातीच्या, विटा रचायची, त्याची बहीण पेगीबरोबर भांडी घासायची, कुत्र्याला रागावण्यापुरती तिथली गेलिक भाषा शिकली. तिची एक बहीण न्यूझीलंडला, दुसरी आमच्या दफनभूमीत. इनाने लग्न केलं नव्हतं. "माझी माणसं" असं ती म्हणाली की ती लुईसबद्दल बोलते आहे हे समजायचं.

बेटावर माणसाची ओळख पिढ्या म्हणून दाखवून करून देतात. मर्डो दुकानात, रस्त्यात, कुठेही थांबून म्हणायचा, "ही इना. टॉर्किलिनाची, एल्सपेटची, टॉर्किलिनाची, आमच्या टॉर्किलची, मॅल्कमची." मधली एल्सपेट म्हणजे इनाची आजी, तिला तिच्या आजीचं नाव. मग समोरचा मान डोलवायचा आणि इनाशी असं बोलायचा, जणू ती कालच बाजूच्या घरातून आली आहे. 

एका वर्षी मर्डोची ऐंशी वर्षं भरत होती. टॉल्सबोस्टच्या सभागृहात सगळे मॅकॉले जमणार होते, कॅनडाचेसुद्धा. इनाने घराण्याचा वृक्ष मोठ्या कागदावर काढून आणायचा, असं ठरलं. तिने तो काढला आणि नावं माझ्याकडून लिहून घेतली. "तुमचं अक्षर फळ्यावरचं आहे, लांबून वाचता येतं." मॅल्कमखाली टॉर्किल, टॉर्किलखाली काळी जाड रेघ, त्या रेघेच्या टोकाला पणजी, आणि अगदी तळाशी इना.

कागद पूर्ण झाला त्याच आठवड्यात बॅबीआत्या परत आली. बॅबी फिंडले, इनाच्या वडिलांची लांबची बहीण. तरुणपणी हेरिंगच्या मागे मागे दक्षिणेला गेली, लोस्टॉफ्टला लग्न करून राहिली, आणि आता नव्वदी ओलांडल्यावर मुलीजवळ राहायचं म्हणून शेजारच्या शहरातल्या वृद्धाश्रमात आली. इनाला वडिलांच्या बाजूची दोन नावं विचारायची होती. कागद गुंडाळून आम्ही दोघी गेलो.

बॅबीआत्या खिडकीजवळ पेपरमिंट चघळत बसली होती. हाडं तेवढी उरली होती, पण आवाज धक्क्यावर ओरडून ओरडून कमावलेला.

"शिट्ट्यांची ना तू? कानावरूनच कळलं. काय आणलंस?"

इनाने कागद तिच्या मांडीवर पसरला. आत्याने चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि बोट फिरवत वर गेली.

"हा कोण टॉर्किल?"

"माझ्या पणजीचा बाप, आत्या."

"कोण म्हणतं?"

"तिचं नावच म्हणतं की."

"अगं, नाव पाद्र्याचं!" आत्या म्हणाली. "तिच्या बापाचं नाव सैतानाला ठाऊक. नाव पाद्र्याचं आहे."

इनाने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. आत्याने नवीन पेपरमिंट सोललं.

मग तिने सांगितलं. चर्चमध्ये नवा पाद्री आला की त्याच्या हातचा पहिला बाप्तिस्मा ज्या मुलाचा होईल, त्याला पाद्र्याचं नाव द्यायचं, ही रीत. मुलगी असली तर शेपूट लावून. ते मूल नशीबवान समजत, आणि पाद्री त्याच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवी. आमच्याकडे नवा पाद्री आला तेव्हा फिंडलेंच्या घरी नुकताच मुलगा झाला होता. तो बॅबीआत्याचा आजा. त्याच्या आईने पांढरी शाल इस्त्री करून ठेवली, सगळ्या गावाला सांगितलं की आमचा टॉर्किल होणार. रविवारी ती पहिल्या बाकावर ऐटीत बसली.

"आणि अगदी मागच्या बाकावर तुमची एल्सपेट. पोरगी दीड वर्षाची. जुन्या पाद्र्याने बाप्तिस्मा दिला नव्हता. चर्चच्या पंचांसमोर उभी राहा, बापाचं नाव सांग, मग बघू, म्हणाला होता. ती सांगेना, हा देईना. गाव त्या पोरीला नुसतं 'एल्सपेटची' म्हणायचं. नवा आला तो काय करतो? व्यासपीठावरून उतरतो, आमच्या शालीसमोरून सरळ चालत जातो मागे, आणि म्हणतो, 'ही आधी. हिने फार वाट पाहिली आहे.' बापाचं नाव विचारलंच नाही! आणि ती दीड वर्षाची बया स्वतःच्या पायांनी चालत पुढे गेली, नाणं मुठीत घेऊन परत आली."

"मग तुमचे आजोबा?" मी विचारलं.

"जॉर्ज!" आत्या म्हणाली. "नुसता जॉर्ज. तीन होड्या बुडाल्या त्याच्या. आमच्या घरात आजही नळ गळला तरी म्हणतात, शिट्ट्यांनी आमचं नाव पळवलं."

"आत्या," इनाने विचारलं, "हे कधी बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तुझ्या आज्यापासून तुम्ही ब्रदरनवाले, बिनपाद्र्याच्या पंथाचे. तुमच्या सभाघरात पाद्र्याचं नाव घेतलेलं चालत नव्हतं. गिळून टाकली असेल गोष्ट. आम्ही कशाला गिळू? आमचं नुकसान झालं होतं!"

परतीच्या बसमध्ये इनाने कागद घट्ट गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. मी मात्र दुसऱ्याच दिवशी जुन्या चर्चमध्ये गेले. आता तिथे निम्म्या भागात चहाचं दुकान आहे. केक ठेवतात त्या टेबलामागे भिंतीवर पाद्र्यांच्या नावांची फळी आहे. 'टी. मॅकॉले'. एवढंच. पाद्री शिकत त्या ॲबर्डीनच्या कॉलेजात माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला जुन्या नोंदी शोधायला लावलं. त्याने कळवलं: टॉर्किल मॅकॉले, बाप मॅल्कम, राहणार टॉल्सबोस्ट, लुईस. म्हणजे तो खानेसुमारीतून गडप झाला, तो शिकायला गेला म्हणून. बुडाला नव्हताच.

मी धावत इनाकडे गेले. "इना, माणूस अगदी बरोबर शोधला होतास! फक्त नातं चुकलं."

ती भांडी पुसत होती. "मी नातंच शोधत होते बाई," ती म्हणाली.

मी दुसरं फडकं घेऊन ताटल्या पुसायला लागले. शेवटी म्हटलं, "मर्डोला सांगायलाच हवं का? ऐंशी वर्षांचा माणूस. कुणाचं काय बिघडतंय?"

"मर्डो फ्री चर्चचा पंच आहे. उभ्या आयुष्यात खोटं बोललेला नाही, रविवारी तर खरंही बेताने बोलतो. तो सभागृहात उभा राहून माझ्या पिढ्या म्हणणार, आणि मी ऐकत बसू? त्याच्या तोंडून खोटं वदवून घेऊ?" तिने फडकं झटकून वाळत घातलं. "सभेआधी सांगते. तुम्ही चला बरोबर. परत येताना बोटीवर मला एकटीला बसवणार नाही."

म्हणजे आल्या पावली परत यावं लागेल हे तिने धरलंच होतं.

टॉल्सबोस्टचं घर इनाने सांगितलं होतं तसंच होतं. वारा, मेंढ्या, आणि दारातच पेगी. तिने इनाला धरून आत ओढलं, मला "शाळेच्या बाई" म्हणून खुर्ची दिली. मर्डो चुलीजवळ काळ्या कोटात बसला होता, भिंतीला टेकवलेल्या घड्याळासारखा ताठ.

"कागद आणलास?"

"आणलाय. पण आधी ऐक." इनाने कोटही काढला नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बॅबीआत्या, शाल, मागचा बाक, फळी, कॉलेज. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. "तेव्हा टॉर्किल माझा कुणी नव्हे, मर्डो. माझ्या पणजीचा बाप कोण ते देव जाणे. तुमचं माझं रक्त एक नाही."

पेगीच्या हातात किटली होती. ती तशीच राहिली.

मर्डोने चिमट्याने विस्तवातली पीटची वीट उलटली. मग म्हणाला, "कुठल्या चर्चचा पाद्री?"

"अं?"

"टॉर्किल. कुठल्या चर्चचा?"

"आमच्या गावचं... सरकारी चर्च."

पेगीने किटली खाली ठेवली. ज्या वर्षी देशातलं चर्च फुटलं, त्या वर्षी हे सगळं बेट सरकारी चर्चला लाथ मारून फ्री चर्चमध्ये गेलं होतं. त्यानंतर सरकारी पगार घेणारा मॅकॉले म्हणजे काय, हे मला मर्डोच्या चेहऱ्यावरून कळलं.

"म्हणून बुडवला त्याला," तो हळूच म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्यांनी. बुडाला असंच सांगायचं ठरवलं असणार." मग मान हलवून म्हणाला, "त्यांचंही चुकलं नाही. त्यापेक्षा बुडालेला बरा."

आणि इना भडकली. इतक्या वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बरा? बरा म्हणतोस? अख्ख्या गावाने त्या पोरीला बिननावाची ठेवली होती. तुझ्यासारखेच काळ्या कोटातले पंच बसले होते ओळीने. एक माणूस उतरून मागच्या बाकापर्यंत गेला. एक! त्याने स्वतःचं नाव दिलं तिला, चांगलं घरचं नाव! आणि तू चुलीजवळ बसून म्हणतोस बुडालेला बरा?"

"इना, तो आमच्या घरातला माणूस..."

"तुमच्या घरातला? तुम्ही तर त्याला समुद्रात टाकलात! फोटो नाही, कबरीचा दगड नाही, साधं प्रार्थनेत नाव नाही. त्याला शोधला मी. मळमळत शोधला. इतकी वर्षं त्याला मी सांभाळलाय, मर्डो मॅकॉले, तू नव्हे. त्याला काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोल!"

 मर्डो उठला, टोपी घातली आणि बाहेर गेला. खिडकीतून दिसत होतं: पीटच्या ढिगाऱ्याजवळ उभा राहून तो विटा एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे ठेवत होता.

"त्याला ओरडून बोलणारं आईनंतर कुणी नव्हतं," पेगी म्हणाली. "कोट काढ इना. बस. बाई, तुम्हाला दूध किती?"

"पेगी, मी काय म्हणाले ते ऐकलंस ना? मी तुमची कुणी..."

"ऐकलं गं. बहिरी नाही मी. पाव आणलेस की नाही?"

चहा संपत आला तेव्हा मर्डो परत आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"टॉर्किल प्रवचन कसं करायचा?"

"मला काय माहीत?" इना अजून तिखटच होती. "त्याच्या काळात निम्मं गाव चर्च सोडून ब्रदरनमध्ये गेलं म्हणतात."

मर्डोच्या तोंडाची कड हलली. "मग आमचाच. आमच्या घरात बोलता कुणालाच येत नाही." त्याने हात पुढे केला. "तो कागद दाखव."

कागद टेबलावर पसरला. चार कपांनी चार कोपरे दाबले. इनाने टॉर्किलपासून पणजीपर्यंतच्या जाड काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही खोडावी लागेल."

"खोडलं की कागद फाटतो," मर्डो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, या रेघेवर पांढरा रंग लावून ठिपके काढता येतील? रेघ नको. ती खोटी होईल. पण मधली जागा रिकामी ठेवली तर तेही खरं नाही होणार."

मी ठिपके काढले. ते सरळ आले.

सभागृहात तो कागद समोरच लावला होता. येणारा प्रत्येक जण आधी स्वतःला शोधायचा आणि मग विचारायचा, हे ठिपके कसले? कागदाशेजारच्या खुर्चीवर मर्डो बसला होता, आणि तो सांगायचा. पहिल्यांदा त्याने दोन वाक्यांत, जमिनीकडे बघत सांगितलं, आणि 'सरकारी' हा शब्द आल्यावर मागे कुणीतरी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. मर्डोने त्या दिशेने नुसतं पाहिलं. दुसऱ्यांदा त्याने गोष्टीत मागचा बाक घातला. कॅनडाची मंडळी जमली तोवर टॉर्किलला पंचांनी वाटेत अडवलं होतं, आणि त्याने त्यांना गेलिकमधून झापलं होतं.

"झापलं नव्हतं," इना शेजारून म्हणाली. "कुणीच काही बोललं नव्हतं."

"तुला काय माहीत? तू होतीस?"

"बॅबीआत्याने सांगितलं ते मला माहीत आहे."

मर्डोने तिकडे लक्ष दिलं नाही. जेवणानंतर एक पुतण्या आला, त्याला सांगताना बाहेर वादळ सुरू झालं, चर्चच्या खिडक्या थडथडल्या, आणि मॅल्कमचा टॉर्किल, मॅकॉलेंचा खरा पोर, एकटा चालत मागच्या बाकाकडे निघाला.

"वादळ नव्हतं, मर्डो!"

"तू गप्प बस, इना," मर्डो म्हणाला. "आमच्या घरातली गोष्ट आहे."

"आमच्या म्हणजे माझ्याही घरातली," इना म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "आणि वादळ नव्हतं."